मिस्त्रींच्या घरचा अडकलेला व्हॉल्व्ह

आलोयझी रुजिक आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. मागच्या ऑक्टोबरात त्यांना शेवटचं खाली उतरून दोन वर्षं सात महिने झाले होते. आमच्या पाबियानित्से गावात चार मजली इमारतींना लिफ्ट नसते. पाचवा मजला चढवला असता तर लिफ्ट द्यावी लागली असती, म्हणून बांधणाऱ्यांनी चारवरच हात आखडता घेतला. तेव्हा राहायला आलेले सगळे तरुण होते. यातलं कोणी पुढे म्हातारं होईल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नसावं.

सगळी इमारत त्यांना मिस्त्री म्हणते. तरुणपणी ते इथल्या कापडगिरणीच्या बॉयलरवर होते. गिरणीला टाळं लागलं तेव्हा सोसायटीनं त्यांना फिटर म्हणून ठेवून घेतलं, आणि पुढची बावीस वर्षं आमच्या बाराही इमारतींतला, खोल्या तापवणारा एकेक रेडिएटर त्यांच्या हाताखालून गेला. आता दिसतात ते आकड्यांचे व्हॉल्व्हसुद्धा त्यांनीच बसवलेले. कोणाच्या रेडिएटरमागे नवऱ्यापासून लपवलेली पत्रं आहेत, कोणाची अंगठी पडली आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण कधी कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही. तोंडानं मात्र फटकळ. "बाई, रेडिएटरवर मोजे वाळत घालता आणि वर म्हणता खोली तापत नाही? आधी मोजे तापतील, मग तुम्ही." असं ते माझ्या आईला म्हणाले होते, आणि आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती.

मी बोझेना. पहिल्या मजल्यावर राहते, एकटी. एकसष्टाव्या वर्षीही माझे गुडघे ठणठणीत आहेत, त्याचं श्रेय गिरणीला. सूतखात्यात यंत्रांच्या रांगांमधून मी चोवीस वर्षं रोज मैलोन्मैल चालले. मिस्त्रींच्या गुडघ्यांचं मात्र त्याच गिरणीत वाटोळं झालं, आणि छातीचंही. दिवसाआड त्यांना पाव, दूध, औषधं मी नेऊन देते. त्यांनी बाल्कनीत दोरीला बादली बांधून ठेवली आहे, खालून सामान वर ओढायला. पण मी शेजारीण असताना माणसानं विहिरीत राहिल्यासारखं बादलीतून का जेवावं? मी स्वतः चढते. इमारतीत सगळे म्हणतात, बोझेना म्हणजे सोन्यासारखी बाई. मला ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू.

आमच्या सोसायटीत घराची अदलाबदल करता येते. दोन्ही बाजू राजी असल्या की अर्ज करायचा, सोसायटी सही करते. मिस्त्रींना तळमजला हवा होता. तीन वर्षं मी त्यांच्यासाठी चिठ्ठ्या लिहून दिव्याच्या खांबांवर डकवत होते: 'चौथा मजला, दोन खोल्या, भरपूर उजेड, तळमजल्याच्या बदल्यात.' सहा जण येऊन बघून गेले. सहाही जण जिने चढून धापा टाकत म्हणाले, "बघू." मिस्त्री या शब्दावर इतके चिडायचे की मी त्यांच्यासमोर तो उच्चारणंच सोडून दिलं.

मग आमच्याच जिन्यात, तळमजल्यावर, किंगा आणि ओस्कार हे जोडपं राहायला आलं. लग्नाला वर्ष झालेलं. त्यांच्या खिडकीखाली कचऱ्याचे डबे, संध्याकाळी तिथेच दारुड्यांची बैठक, आणि दिवसाही दिवा लावावा लागतो. सप्टेंबरात पत्रपेटीजवळ किंगाच मला म्हणाली, "काकू, ते वरचे आजोबा अजून घर बदलणार आहेत का हो?" मी बहात्तर पायऱ्या धावत वर गेले. शनिवारी चार वाजता बघायला येतो, असं ठरलं. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार.

गुरुवारी मी दूध घेऊन गेले तर मिस्त्री मोठ्या खोलीत, खिडकीखालच्या रेडिएटरसमोर खुर्ची टाकून बसले होते. अंगावर दोन स्वेटर.

"हात लावून बघा," ते म्हणाले.

लावला. दगडासारखा गार. सोसायटीनं नळ्यांत गरम पाणी सोडून दहा दिवस झाले होते, माझ्याकडे मी खिडकी उघडी टाकून झोपत होते.

"काय झालं?"

"व्हॉल्व्ह अडकलाय."

"तुमचा?"

"माझा. हसा आता."

मी हसलेच. हसू आवरेना. कारण बावीस वर्षं या माणसानं आमच्या कानीकपाळी एकच गोष्ट ओरडून सांगितली होती. व्हॉल्व्हच्या डोक्यावर शून्य ते पाच आकडे असतात. डोक्याखाली एक बारीक पिन. डोकं शून्यावर फिरवलं की पिन आत दाबली जाते आणि पाणी बंद. पाचवर नेलं की पिन वर येते, पाणी सुरू. उन्हाळ्यात गरम पाणी नसतं तेव्हा व्हॉल्व्ह पाचवरच ठेवायचा. शून्यावर ठेवलात तर पिन आतच चिकटून बसते. आणि तरी आमचे लोक दर वसंतात सगळे व्हॉल्व्ह करकचून शून्यावर नेतात, कारण प्रत्येक रेडिएटरवर सोसायटीनं एक मोजणीची डबी चिकटवली आहे. तिच्या काचेच्या नळीतलं रंगीत पाणी जितकं उडेल तितकं बिल. ते पाणी उन्हाळ्याच्या उन्हानंही थोडं उडतं, ही खरी गोष्ट. आणि व्हॉल्व्ह बंद केला की ते उडायचं थांबतं, ही आमची समजूत. मिस्त्री दर ऑक्टोबरात घरोघर अडकलेल्या पिना सोडवत फिरायचे आणि घरोघर शिव्या घालायचे.

"चार वर्षं शून्यावर होता," ते म्हणाले. "एमिलिया गेली त्या एप्रिलपासून. म्हटलं, या खोलीत आता बसतंय कोण. ज्या खोलीत कोणी नाही ती कशाला तापवायची. तुमच्यासारखाच येडा झालो."

एमिलिया त्यांची बायको. माझं हसू थांबलं.

"सोसायटीला फोन केला?"

"केला. हंगामाची सुरुवात आहे, अकरा नोव्हेंबरनंतर माणूस पाठवतो म्हणाले. मी लावलेल्या व्हॉल्व्हला माणूस पाठवतायत."

"मग पोरांना सरळ सांगून टाका ना. व्हॉल्व्ह काय, दुरुस्त होतो."

"ती पोरं रेडिएटरला हात लावतील, तो गार लागेल, आणि म्हणतील..." त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. "बोझेनाबाई, या वेळी हुकलं तर मी इथून शवपेटीतूनच, पाय पुढे करून खाली जाईन. शनिवारी हे तापलेलं पाहिजे."

त्यांचे हात मांडीवर होते आणि थरथरत होते. चहाचा ग्लाससुद्धा ते हल्ली दोन हातांनी धरतात.

"हात माझे घ्या," मी म्हणाले.

शनिवारी दोन वाजता मी वर गेले. इमारत रिकामी होती. सर्व संतांचा सण जवळ आला की शेवटच्या शनिवारी आमचं गावच्या गाव कबरस्तानात असतं: बादल्या, ब्रश, साबण, शेवंतीच्या कुंड्या. आपापल्या माणसांच्या कबरी घासून लख्ख करायच्या. मी आईची सकाळीच उरकून आले होते. एमिलियाचीही, गेली दोन वर्षं तीही मीच घासते.

मिस्त्रींनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून हत्यारं ओळीनं मांडली होती. मी गुडघ्यांवर बसले. व्हॉल्व्हचं डोकं हातानंच सुटलं. आत पिन अगदी खोल, टाचणीच्या डोक्याएवढी दिसत होती.

"आता तेलाचा एक थेंब. एक म्हटलं मी! आता स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं बाजूनं ठोका. हळू. चहूबाजूंनी. दार वाजवतो तसं, पोलीस वाजवतात तसं नाही."

मी ठोकलं. पिन ढिम्म. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं, दहा मिनिटं थांबलो, परत ठोकलं. पुन्हा फडकं, पुन्हा थांबणं. मला थांबणं जमत नाही. गिरणीत चाती अडकली तर आम्ही एक हिसका देऊन मोकळ्या व्हायचो.

"येईल," मिस्त्री म्हणाले. "तिला तिचा वेळ द्या. आणि एक सांगून ठेवतो, पकडीनं ओढायची नाही. काही झालं तरी नाही. मी चहा टाकतो."

चहा टाकणं म्हणजे आता त्यांना पाव तासाचं काम. भिंतीला धरून स्वयंपाकघरात जायचं, स्टुलावर दम खायचा, मग किटली. मी घड्याळ बघितलं: पावणेतीन. वर्तमानपत्रावर पक्कड होती. ओढायची नाही तर मांडून ठेवली कशाला, असं मनाशी म्हणत मी ती उचलली. जरासं ओढलं. पिन केसभर वर आली. माझा जीव हरखला. परत ओढलं, आणि ती सबंध माझ्या हातात आली.

पाण्याची काळी, बारीक चिळकांडी उडाली आणि थेट जाळीच्या पांढऱ्या पडद्यावर गेली. मी अंगठा भोकावर दाबला. पाणी गरम होतं, अगदी भाजेल असं नाही, पण दोन क्षणांत हात मागे घ्यावासा वाटेल इतकं. मिस्त्री दारात आले. मला वाटलं, आता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होणार.

"ओढलीत," ते म्हणाले.

"ओढली."

"अंगठा हलवू नका."

त्यांनी फडकं चौपदरी करून माझ्या अंगठ्याखाली सरकवलं. मग पान्हा घेऊन रेडिएटरशेजारच्या उभ्या नळीवर जोरात ठोके मारले. ही नळी तळघरातून निघून एकाखाली एक असलेल्या सगळ्या घरांतून चौथ्यापर्यंत येते. वर ठोकलं की खालपर्यंत ऐकू जातं, आणि एरवी लगेच कोणीतरी उलट ठोकून शिव्या घालतं. आम्ही दोघं कान देऊन थांबलो. तिसरा मजला गप्प, दुसरा गप्प. पहिल्यावर मी राहते. तळमजलाही गप्प.

"सोसायटीचा तातडीचा नंबर लावा," मी म्हणाले.

"तो दोन तासांनी येईल, नळी बंद करेल आणि सोमवारपर्यंत उघडणार नाही. चार वाजता ती पोरं येतायत."

"मग तुम्ही अंगठा धरा, मी तळघरात जाते."

आम्ही करून बघितलं. त्यांचा अंगठा भोकावर धड बसेना. थरथरत सरकला आणि चिळकांडी माझ्या तोंडावर आली. मी पुन्हा अंगठा लावला.

"आणि जाऊन कुठला व्हॉल्व्ह फिरवाल?" ते म्हणाले. "खाली बारा आहेत. रंगकाम झालं तेव्हा त्या गाढवांनी पाट्या उलटसुलट लावल्या. कोणता कोणाचा ते मला माहीत आहे, आणखी कोणाला नाही."

मग त्यांनी खुर्चीला धरून कंबर सरळ केली.

"मीच जातो," ते म्हणाले.

"मिस्त्री, वेड लागलंय? बहात्तर पायऱ्या. वर तळघराच्या चौदा."

"उतरायचंच तर आहे. उतरताना पृथ्वी मदत करते."

त्यांनी खिळ्यांच्या डब्यातून व्हॉल्व्हचा आतला नवा तुकडा काढला, माझ्या डाव्या हाताशी पान्ह्यासकट ठेवला आणि तीन वाक्यांत समजावलं: जुना उलटा फिरवून काढायचा, नवा सुलटा फिरवून बसवायचा, जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. मग ठोक्यांची भाषा ठरली. जुने फिटर तशीच बोलतात. खालून एक ठोका म्हणजे नळी बंद झाली, अंगठा काढा. माझं काम झालं की मी दोन ठोके द्यायचे. मग ते पाणी सोडणार. तीन ठोके, कोणाचेही, म्हणजे जिथे आहे तिथे थांबा.

त्यांनी कोट चढवला, दुसरा पान्हा खिशात टाकला आणि निघाले. बूट घालायचे राहिलेच. घरातल्या सपाता जिन्यात फटक फटक वाजायला लागल्या.

मी मोजत होते. नऊ पायऱ्या, मग थांबणं. त्यांच्या श्वासाची शिट्टी चौथ्यापर्यंत ऐकू येत होती. मग परत नऊ. पुढे आवाज इतका खाली गेला की नीट कळेना, आणि मग काहीच ऐकू येईना. पडले असतील का? हाक मारली. उत्तर नाही. माझा फोन कोटात, कोट बाहेरच्या खुंटीवर, आणि मी एका अंगठ्यानं भिंतीला बांधलेली. "कोणी आहे का?" म्हणून ओरडले. माझाच आवाज जिन्यातून फिरून परत आला. नाकाला खाज सुटली, पाय बधिर झाले, अंगठा फडक्याखाली उकडून निघत होता. राग आला: पकडीवर, गिरणीवर, ती पक्कड मांडून ठेवणाऱ्या मिस्त्रींवर. पंधरा मिनिटं झाली असतील, आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं.

त्या खोलीत मी कधी बसले नव्हते. पाव स्वयंपाकघरात ठेवायचा, दोन थट्टेचे शब्द बोलायचे आणि निघायचं. आता जमिनीवर बसून तीच खोली बघत होते. खिडकीच्या कट्ट्यावरचा रंग दोन ठिकाणी पार लाकडापर्यंत उडाला होता. आधी कळलं नाही, मग कळलं: तिथे त्यांची कोपरं टेकतात. खिडकीतून गच्चीवरचे अँटेना दिसत होते आणि आभाळ. माणसं बघायची तर वाकावं लागेल, आणि वाकून दिसतील त्या माणसांच्या टाळू. दोन वर्षं सात महिने. मला वीस मिनिटं निघत नव्हती.

तेव्हा माझ्या मनात आलं की माझं घर द्यावं. पहिला मजला. तळमजला नसेना का. अठरा पायऱ्या ते रोज एकदा तरी उतरतील, चढतील. तितकंच घर, तशाच दोन खोल्या. मला वर राहायला काय झालं? ठणठणीत गुडघ्यांच्या बाईला पहिला मजला हवाच कशाला?

हा विचार पहिल्यांदाच आला, असं सांगितलं तर ते खोटं होईल. खांबावर चिठ्ठ्या डकवताना तो दर वेळी यायचा. मी त्याला दारातूनच परत पाठवत असे. बाल्कनीतल्या माझ्या कुंड्या, आईची खोली, सवयीचा ओटा. दुसऱ्यांच्या घरांसाठी मी तीन वर्षं गाव पालथं घातलं, कारण माझ्या घराचं नाव निघू नये. पण त्या शनिवारी, अंगठा भोकावर दाबून, मी मोठ्यानं म्हणाले, "देवा, हा माणूस धड खाली पोचू दे. किंगानं नाही म्हटलं तर मी माझं देते. शपथ." आईची शपथ घेतली. हसू नका, अगदी मनापासून घेतली.

आणि नळीत एक ठोका वाजला.

मी अंगठा काढला. थोडं पाणी ओघळलं, मग तेही थांबलं. अंगठा पांढरा, सुरकुतलेला, कोणा दुसऱ्याचाच वाटत होता. जुना तुकडा काढला, नवा बसवला, मनगटाच्या जोरानं. दोन ठोके दिले. नळीत खळखळ झाली, रेडिएटर गुरगुरला, मी वरची हवा सोडली, आणि त्याचा वरचा काठ कोमट लागला, मग गरम, मग हात ठेववेना. मी एकटीच त्या खोलीत टाळ्या पिटल्या.

खाली जायला निघणार तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. किंगा आणि ओस्कार. अंगावर कबरस्तानातल्या मेणबत्त्यांचा वास.

"काकू, आजोबा आमच्या दारासमोर जिन्यात बसले होते, सपाता घालून!" किंगा धापा टाकत म्हणाली. "तळघरातून वर आले आणि पुढे येववेना. मी त्यांना आमच्या स्वयंपाकघरात बसवलंय, चहा दिलाय. ते म्हणाले, तुम्ही जाऊन बघून या, मी आहे इथेच."

त्यांनी घर बघितलं. मी पडद्याचा काळा डाग पाठीमागे घेऊन उभी होते. ओस्कारनं रेडिएटरला हात लावला आणि म्हणाला, "मस्त तापतो." चार वाजून गेलेले, ऊन तिरपं होऊन सगळी खोली पिवळी झाली होती. किंगा खिडकीशी गेली, बराच वेळ उभी राहिली. तिला घर आवडलं होतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. कोणत्या दगडाबद्दल बोलतेय ते तुम्हाला कळलंच असेल.

मग ती वळली. "ओस्कार, मी दुसऱ्या मजल्यावर थांबले. तिसऱ्यावर परत थांबले."

त्यानं रेडिएटरवरचा हात काढून घेतला.

"मला तिसरा महिना लागलाय, काकू," ती मला म्हणाली. "गुरुवारी डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही म्हटलं होतं, तरी बघून तर येऊ. पण बाबागाडी घेऊन रोज... मी त्या आजोबांसारखी इथे बसून राहीन." तिचे डोळे भरले. "नाही जमणार. त्यांना मी सांगू की तुम्ही सांगता?"

"मी सांगते," मी म्हणाले.

मिस्त्री किंगाच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळ बसले होते. खिडकी एवढी खाली की रस्त्यावरची माणसं हाताच्या अंतरावर. कोणीतरी शेवंतीची कुंडी छातीशी धरून गेलं, मागून एक कुत्रं. त्याच्या मालकानं काचेतून मिस्त्रींना बघून टोपी उचलली, आणि मिस्त्रींनी हात वर केला. त्यांचा चेहरा मी तसा किती वर्षांत बघितला नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बघू म्हणाले?"

"नाही म्हणाले. पोर होणार आहे."

"हं," ते म्हणाले. "हे बरं. सरळ नाही म्हणाले." आणि परत खिडकीबाहेर बघायला लागले. चहा संपला तरी ते उठेनात. ओस्कार म्हणाला, "आजोबा, मी आणि एक मित्र, खुर्चीवरून नेऊ तुम्हाला." तर म्हणाले, "खुर्चीवरून मी एकदा गेलोय, हॉस्पिटलातून येताना. बटाट्याचं पोतं झालो होतो. मी माझ्या पायांनी जाईन."

आम्ही निघालो. मी एक स्टूल उचलून पुढे, ते कठड्याला दोन्ही हातांनी धरून मागे. एक पायरी, मग दोन्ही पाय, मग श्वास. अठराव्या पायरीला माझं दार आलं. मी दारासमोर स्टूल ठेवलं, ते बसले. ओठ निळसर झाले होते. दहा मिनिटं त्यांना बोलता आलं नाही.

"कोबी शिजतोय का?" मग ते म्हणाले.

"सकाळचाच आहे. वास राहिलाय."

"किती झाल्या?"

"अठरा."

"राहिल्या?"

"चोपन्न."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या दाराकडे बघितलं. नुसतं बघितलं, त्यात मागणं नव्हतं. तीन वर्षांत कधी नव्हतं. किल्ली माझ्या मुठीत होती. शपथ तासाभराची जुनी होती, अंगठा अजून हुळहुळत होता. दारामागे माझा दिवा, माझी खुर्ची, आईचा पलंग. मी तोंड उघडलं.

"चला," मी म्हणाले. "इथे वारा लागतो."

तिसऱ्या मजल्यावर, भिंतीला डोकं टेकून बसले असताना ते म्हणाले, "मघाशी खाली, तुमच्या दाराशी, तुम्ही काहीतरी बोलणार होता."

"मी? नाही."

"बरं."

चौथ्यावर पोचायला एक तास दहा मिनिटं लागली. खोलीत छान ऊब होती. मी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, कोट काढून घेतला. त्यांनी रेडिएटरवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"काम चांगलं झालंय," ते म्हणाले. "हात आहे तुम्हाला."

"कितीवर ठेवू?"

"तीनवर ठेवा," ते म्हणाले. "हिवाळाभर मी आहेच इथे."

मी व्हॉल्व्ह तीनवर फिरवला, दार ओढून घेतलं आणि खाली आले. चोपन्न पायऱ्या. कठडासुद्धा धरावा लागला नाही.